सायकलवरची राजधानी

आमच्या हिवराळीला सव्वीस वर्षं तीन राजधान्या होत्या. सोमवारी एक, बुधवारी दुसरी, शुक्रवारी तिसरी. आणि तिन्ही मिळून एका पत्र्याच्या पेटीत मावायच्या. ती पेटी प्रेमदास राठोडच्या सायकलच्या कॅरिअरला जुन्या ट्यूबनं आवळून बांधलेली असायची. पेटी जिथं उतरली तिथं त्या दिवशी आमचं सरकार.

हे असं का झालं ते आधी सांगतो. हिवराळी म्हणायला एक, पण आहे तीन ठिकाणी. जुनं गाव, टेकडीच्या अंगाला तांडा, आणि सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यापलीकडं बौद्ध मंडळींची नवी वस्ती. तिघांची मिळून एक ग्रामपंचायत. पूर्वी शाळेजवळ तिचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. अठ्ठ्याण्णव सालच्या श्रावणात एका रविवारी त्याचा स्लॅब खाली आला. रविवार होता म्हणून आत फक्त एक शेळी होती, आणि तीही बाहेर आली. तिला पुढं पाच करडं झाली. म्हणजे ऑफिसानं कोणाचं वाईट केलं नाही.

नवं ऑफिस कुठं बांधायचं, इथं गाडी अडली. गाव म्हणालं, आम्ही मूळ, ऑफिस आमच्यात. तांडा म्हणाला, मतं आमची जास्त, ऑफिस आमच्यात. वस्ती म्हणाली, मोकळी जागा आणि सडक आमच्याकडं, ऑफिस आमच्यात. मीही तेव्हा पंचायतीचा मेंबर होतो आणि मीही गावाच्या बाजूनं मोठ्यांदा बोललो. अकरा बैठका झाल्या. बाराव्या बैठकीला कोणी आलंच नाही.

तेवढ्यात तांड्यातला प्रेमदास पंचायतीचा शिपाई म्हणून लागला. तिशी ओलांडलेला, सातवी पास, उंच, काटकुळा. भांडण मिटेपर्यंत रजिस्टरं कुठं ठेवायची म्हणून त्यानं घरची लग्नातली पेटी आणली, तिच्यात रजिस्टरं, शिक्का, शाईचा पॅड आणि कोरे दाखले भरले, आणि म्हणाला, मिटेस्तोर मी फिरवतो. ते मिटायला सव्वीस वर्षं लागली.

आता माझी नात सपना हिंगोलीच्या कॉलेजात भूगोल शिकते आणि परीक्षेसाठी मोठ्यांदा वाचते. मी बाजेवर पडून ऐकतो. माझं शिक्षण याच गावातल्या शाळेत सातवीपर्यंत. आमच्या गुरुजींनी आम्हाला एकच राजधानी नीट शिकवली, ती तुघलकाची. त्यानं दिल्लीची राजधानी उचलून आपल्या दौलताबादेला आणली आणि परत नेली. गुरुजी म्हणायचे, "बादशहा अडाणी नव्हता. जागा मध्यावर निवडली होती, किल्ला मजबूत होता. फक्त ज्यांना चालायचं होतं त्यांना त्यानं विचारलं नाही." मी तेवढंच घेऊन साठ वर्षं बसलो होतो. सपनामुळं कळलं की जगात हे भांडण घरोघर आहे. दक्षिण आफ्रिकेला आजही तीन राजधान्या आहेत. एका शहरात कायदे होतात, दुसऱ्यात कारभार, तिसऱ्यात न्याय. हे ऐकून मी उठूनच बसलो. म्हटलं, पोरी, हे तर आमचंच. आणि जम्मू-काश्मीरचं सरकार म्हणे उन्हाळ्यात एका शहरी, हिवाळ्यात दुसऱ्या, फायली ट्रकात भरून. आमच्याकडं ट्रक नव्हता. प्रेमदास होता.

त्याची एक रीत होती. पेटी तो उघड्या जमिनीवर कधी टेकवायचा नाही. आधी घडी केलेलं पोतं अंथरायचा, मग पेटी. गावात ती मारुतीच्या पारावर, तांड्यात सेवालाल महाराजांच्या देवळापुढं, वस्तीत विहाराच्या ओट्यावर. खाकी शर्टाचं गळ्याचं बटण भर उन्हाळ्यात लावलेलं. जेवायची वेळ झाली की ज्या ठिकाणी पेटी तिथल्याच घरची भाकर. सव्वीस वर्षांत त्यानं तिन्ही ठिकाणचं इतकं मीठ खाल्लं की कोणाच्या घरात भाजीला तिखट जास्त आणि कोणाच्या घरात बोलण्याला, हे त्याला पाठ होतं. बोलला मात्र कधी नाही.

मी त्याचं जे देणं लागतो ते वेगळं आहे. सात वर्षांपूर्वी आमच्या मंडळीला पोटात गाठ निघाली आणि हिंगोलीच्या दवाखान्यात भरती केलं. सरकारी योजनेत ऑपरेशन बसायचं तर रहिवासी दाखला पाहिजे होता, आवक-जावक नंबरासकट, त्याच दिवशी. ग्रामसेवक मीटिंगसाठी हिंगोलीतच, पेटी हिवराळीत, आणि आमची मंडळी खाटेवर कण्हत. मी फोन केला. तीन तासांनी दवाखान्याच्या दारात प्रेमदास उभा, घामानं निथळत, सायकलच्या कॅरिअरला पेटी. सगळी पेटी. ग्रामसेवकाला त्यानं मीटिंगच्या जिन्यावर गाठलं होतं, पोतं अंथरलं होतं, रजिस्टर काढून नंबर टाकून सही घेतली होती आणि शिक्का मारला होता. मी म्हटलं, अरे, एक कागद आणि शिक्का खिशात टाकून बसनं आला असतास तर काय बिघडलं असतं?

"आबा, शिक्का एकटा नेला तर चोरी," तो म्हणाला. "पेटीसकट नेला तर ऑफिस."

संध्याकाळी ऑपरेशन झालं. आज आमची मंडळी रोज सकाळी माझ्याशी भांडते. चहात साखर जास्त घेतली म्हणून भांडते, वर्तमानपत्र ओलं केलं म्हणून भांडते. ते ऐकताना मी हसतो आणि ती आणखी चिडते. मी का हसतो ते प्रेमदासला ठाऊक आहे.

आता खरी गोष्ट. गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर वरून पत्र आलं. पंचायतीचं काम कॉम्प्युटरवर गेलं होतं, आणि कॉम्प्युटर काही पेटीत मावत नाही. त्याला वीज लागते, खोली लागते, एका जागी बसावं लागतं. आमच्याकडं खोली नाही म्हणून तो नऊ किलोमीटरवर थोरल्या सावंगीला ठेवला होता. पत्रात लिहिलं होतं की इमारत मंजूर आहे, पण सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत जागा एकमतानं ठरली नाही तर हिवराळीचं कामकाज कायमचं सावंगीला जोडलं जाईल. आणि मार्चअखेर प्रेमदास निवृत्त होणार होता. म्हणजे पेटी फिरवणाराही राहणार नव्हता. सावंगीला जायचं म्हणजे काय ते आम्ही वर्षभर बघितलं होतं. निराधार पगाराच्या म्हाताऱ्या हयातीच्या दाखल्यासाठी नऊ किलोमीटर जायच्या आणि तिथं लाईट गेलेली असायची. आपण जिवंत आहोत हे सांगायला माणसानं अर्धमेलं व्हावं, असा तो प्रकार.

आमच्या सरपंच वस्तीतल्या कमलबाई. बोलायला कमी, ऐकायला जास्त. त्यांनी तिन्हीकडची माणसं शाळेत बोलावली आणि म्हणाल्या, भांडायला अडीच महिने आहेत, पण भांडण आपल्याकडं आधीच भरपूर आहे, तर काहीतरी रीत काढा.

पहिली रीत माझी. सपनानं वाचलं होतं की ऑस्ट्रेलियात दोन मोठी शहरं राजधानीसाठी हटून बसली, तेव्हा दोघांच्या मधल्या मेंढरं चरायच्या रानात नवं शहर बसवलं. मी म्हटलं, आपणही मध्य काढू. सगळ्यांना पटलं. प्रेमदासच्या सायकलच्या चाकाला लाल चिंधी बांधली आणि चिंधी किती वेळा वर येते ते मोजत तिन्ही वाटा मोजायच्या ठरल्या. लगेच वाद, मोजायचं कुठून? गाव म्हणालं मारुतीपासून, तांडा म्हणाला देवळापासून, वस्ती म्हणाली विहारापासून. ते मान्य झालं. दोन दिवस सायकल हातानं ढकलत मोजणी झाली. मोजणारे तीन, आकडे तीन, मग पुन्हा मोजणी. शेवटी मध्य निघाला. तो बराबर कालव्याच्या मधोमध होता, आणि कालव्याला रब्बीचं पाणी सुटलेलं होतं.

गावातले व्यंकटराव काठावर उभं राहून म्हणाले, "आता सरपंचाला पवायला शिकवा."

कमलबाई म्हणाल्या, "मला येतं, व्यंकटराव. तुमचं बगा."

दुसरी रीत तांड्याच्या वसराम नाईकांची. नाईकांचं वय ऐंशीच्या पुढं. त्यांनी सांगितलं की त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखातून मुलखात जायचे, तेव्हा तळ कुठं टाकायचा हे नाईक ठरवायचा, पण शेवटचा शब्द म्होरक्या बैलाचा. लादलेला बैल आपल्या मनानं बसला आणि रवंथ करू लागला तर ओझी उतरवायची. उभाच राहिला तर पुढं चालायचं, मग नाईकाला जागा कितीही आवडलेली असो. बैलाला पाणी, साप, दलदल सगळं आधी कळतं. मला ही गोष्ट इतकी आवडली की मी घरी येऊन सपनाला वहीत लिहून घ्यायला लावली. कोणत्या देशानं असली रीत ठेवली आहे?

चूक आमची अशी की पाठीवर ओझं नेणारा बैल आता तांड्यात एकही नव्हता, सगळे ट्रॅक्टरवाले. म्हणून व्यंकटरावांचा पांढरा बैल आणला, ज्यानं जन्मात एकच वाट बघितली होती. त्याच्या पाठीवर पोतं, पोत्यावर पेटी, बाजूला प्रेमदास पेटीला हात धरून. सकाळी दहाला कालव्याच्या काठावर त्याला सोडला. मागं तीन ठिकाणची दोनशे माणसं, शंभर पावलं अंतर ठेवून, बोलायचं नाही असं ठरवून. वस्तीच्या पोरांनी त्यांच्या बाजूला गुपचूप कडबा पसरला होता आणि तांड्याच्या वाटेवर कोणी मीठ ठेवलं होतं, हे नंतर कळलं. बैलानं दोन्हींकडं बघितलं नाही. तो शांतपणे चालत गेला, व्यंकटरावांच्या शेंगा लागलेल्या तुरीत शिरला, चांगला मध्यावर जाऊन पेटीसकट बसला आणि खाऊ लागला.

व्यंकटराव काठी घेऊन धावले. वसराम नाईकांनी त्यांचा हात धरला. "उठवू नका, व्यंकटराव. राजधानी हाय ती."

व्यंकटराव म्हणाले की बैल खोटा आहे. नाईकांनीही जरा वेळानं मान्य केलं की नियम रवंथाचा आहे, तुरीचा नाही. तोवर बैलाच्या तोंडापुढची तूर साफ झाली होती. त्या दिवशी मी इतका हसलो की मंडळीनं मला पाठीत चोळायला तेल गरम केलं. पण दिवस सरत होते, आणि कमलबाई हसत नव्हत्या.

जानेवारीच्या मध्याला पुन्हा बैठक बसली. सपनाला सुट्टी होती, ती माझ्याशेजारी बसून ऐकत होती. ती हळूच म्हणाली, आबा, अमेरिकेत राजधानीसाठी कायद्यानं नुसता नदीकाठ सांगितला आणि नेमकी जागा ठरवायचं काम एका माणसावर सोपवलं, कारण भांडणाऱ्या सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास होता. मी ते मोठ्यांदा सांगितलं. तिन्ही ठिकाणचा विश्वास असलेला माणूस आमच्यात कोण? मी तर नव्हतो. व्यंकटराव नव्हते. नाईकांना गाव मानत नव्हतं, कमलबाईंना तांडा नुसता ऐकून घ्यायचा. प्रेमदास भिंतीपाशी पेटीला टेकून कपांत चहा ओतत होता. एकेक करत सगळ्यांची तोंडं त्याच्याकडं वळली. त्यानं वर बघितलं तेव्हा चहा कपाबाहेर जाऊन राहिला होता.

तो नाही म्हणाला. "आमचं काम पेटी उचलायचं. कुठं ठेवायची ते तुमी सांगायचं."

"सव्वीस वर्षं आमी सांगतलं," कमलबाई म्हणाल्या. "आमाला जमलं न्हाई. आता तू सांग."

तो जे सांगेल ते मान्य, असं प्रोसिडिंगला लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या. नऊ दिवस दिले. आणि त्या नऊ दिवसांत एका साध्या माणसाच्या डोक्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून जे ओझं टाकलं, त्याची मला आज लाज वाटते.

कारण तो तांड्याचा होता. तांड्यात त्याच दिवशी लोक एकमेकांना म्हणू लागले, झालं, ऑफिस आपलं. आणि त्यांचं म्हणणं लोभाचं नव्हतं. तांड्याचा रस्ता म्हणजे दोन किलोमीटर काळी माती. पावसाळ्यात तिथं बैलगाडीचं चाकही निघत नसे. प्रेमदासच्याच लेकीला, दिपाला, चार वर्षांपूर्वी आषाढात कळा लागल्या तेव्हा रुग्णवाहिका कालव्याच्या पुलावर थांबली आणि पोरीला बाजेवर घालून चौघांनी चिखलातून आणलं. लेकरू वाटेत बाजेवरच झालं. ते जगलं. पण त्या दिवसापासून प्रेमदासच्या बायकोनं, जिवनबाईनं, एकच गोष्ट मनात धरली होती.

ती माझ्याकडं आली. ओट्यावर बसली नाही, उभ्यानंच बोलली. "आबा, तुमी त्यायला सांगा. ऑफिस आलं की सायेब येतो, सायेब आला की गाडी येती, गाडी आली की डांबर येतं. मला ऑफिस कशाला पायजे? मला रस्ता पायजे."

माझ्याकडं प्रत्येक गोष्टीला एक गोष्ट तयार असते, पण रस्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी प्रेमदासला तेवढंच म्हटलं की जिवनबाई येऊन गेली.

"ती बोलून राहिली ते बराबर हाय, आबा," तो म्हणाला. "तीच तर तकलीफ हाय. खोटं असतं तर सोपं गेलं असतं."

गावातून त्याला जेवायची बोलावणी येऊ लागली, वस्तीतूनही. त्यानं नऊ दिवस घरचीच भाकर बांधून नेली आणि कालव्याच्या काठाला एकट्यानं खाल्ली. कोणाच्या भाकरीला जागायचं आणि कोणाच्या नाही, हा प्रश्नच त्यानं असा बाजूला ठेवला. एका दुपारी मी त्याच्या अंगणात गेलो तर गोधडीवर सव्वीस वर्षांची रजिस्टरं उन्हात पसरलेली. किडे झालेत, म्हणाला, ऊन दाखवतो. पण तो किडे बघत नव्हता. एकेक रजिस्टर उघडून शिवणीत बोट फिरवत होता आणि बोटाकडं बघत होता. मी विचारलं, काय आहे? तो म्हणाला, सभेला या.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला आणि शाळेच्या मैदानावर सभा भरली. असली भरलेली सभा मी निवडणुकीलाही बघितली नाही. बायका पहिल्यांदा पुढं बसल्या होत्या. पुढं सतरंजी, तिच्यावर कमलबाई आणि ग्रामसेवक. प्रेमदासनं पोतं अंथरलं, पेटी ठेवली, आणि आज पहिल्यांदा तिच्यापुढं एक धुतलेलं पांढरं धोतर पसरलं. एक रजिस्टर काढलं, उघडून उपडं धरलं आणि पाठीवर थापटलं. धोतरावर थोडं काहीतरी सांडलं. दुसरं काढलं, थापटलं. तिसरं. कोणाला काही कळेना. व्यंकटराव म्हणाले, जादू दाखवून राहिला का? आठ-दहा रजिस्टरं झाल्यावर धोतराच्या मध्यावर एक लहानशी ढिगुळी झाली. करडी, पांढरी, तांबूस. पीठ होतं ते.

"ही ज्वारी हाय, हे गहू, ही बाजरी," प्रेमदास म्हणाला. "गावचं कोणतं, तांड्याचं कोणतं, वस्तीचं कोणतं, मला वळखू येईना. वळखू येत असंल तर ज्यानं त्यानं आपापलं उचला."

पुढं बसलेल्या बायका आधी हसल्या. त्यांना कळलं होतं. आम्हा पुरुषांना समजवून सांगावं लागलं.

गोष्ट अशी. सोमवार, बुधवार, शुक्रवार हे आम्ही बैठकीत ठरवलेलं. पण दिवसा पेटी पारावर असायची तेव्हा बायका रोजानं दुसऱ्याच्या शेतात असायच्या. ज्यांना दाखला पाहिजे त्याच नेमक्या नसायच्या. त्या मोकळ्या व्हायच्या दिवस कलताना, आणि तेव्हा त्यांना दळणाला जावं लागायचं. तिन्ही ठिकाणांत गिरणी एकच, कालव्याच्या पुलापाशी, वस्तीतल्या भीमराजची. डबा नंबरात लावायचा आणि बसायचं. प्रेमदास घरी जाताना त्याच पुलावरून जायचा. कोणीतरी हाक मारायचं, तो सायकल लावायचा, पोतं अंथरायचा. अर्ज तिथं घ्यायचा, तयार झालेला दाखला तिथं द्यायचा, पोचल्याचा अंगठा तिथं घ्यायचा. अंगठ्याला शाई लागायच्या आधी पीठ लागलेलं असायचं. पारावर आम्ही चहा प्यायलो, भांडलो, राजकारण केलं. पंचायत चालली गिरणीपाशी. सव्वीस वर्षं आमची राजधानी एकाच जागी होती आणि आम्हाला, मेंबर असलेल्या मला, पत्ता नव्हता.

"ऑफिस गिरणीपाशी," प्रेमदास म्हणाला. "पुलाशेजारी कालव्याच्या चौकीची सरकारी जागा मोकळी हाय. माणसं जिथं डोक्यावर वझं घेऊन आपसूक येतात तिथं."

व्यंकटराव उठले. गिरणी वस्तीतल्या माणसाची, म्हणाले, म्हणजे ऑफिसला येणारा त्याचं गिऱ्हाईक होणार, हा फायदा कोणाचा?

भीमराज मागून म्हणाला, "व्यंकटराव, मी दळण दळतो. ठराव दळत न्हाई. तुमचा डबा काल बी तिथंच व्हता."

हशा झाला, पण तांडा हसला नाही. वसराम नाईक खाली बघत होते. जिवनबाई बायकांत पुढंच बसली होती. ती आपल्या नवऱ्याकडं सरळ बघत होती आणि तिच्या तोंडावर राग नव्हता, ते बघवत नव्हतं. मग प्रेमदासनं हात जोडले. सव्वीस वर्षांत मी त्याला मागताना कधी बघितलं नव्हतं.

"पण ठराव दोन लिवा," तो म्हणाला. "पयला रस्त्याचा, तांडा ते पूल. दुसरा ऑफिसचा. रस्त्याची खडी पडल्याबिगर ऑफिसचा पाया खांदायचा न्हाई. तांड्यानं राजधानी सोडली, तर तांड्याला तिच्यापर्यंत चालता तर आलं पायजे."

मला आमच्या गुरुजींची आठवण झाली, ज्यांना चालायचं होतं त्यांना कोणी विचारलं नाही, ती. मी हात वर केला. गावाचा पहिला हात माझा होता, हे मी अभिमानानं लिहितो, कारण अठ्ठ्याण्णव साली नको तिथं मोठ्यांदा बोलणाराही मीच होतो. मग वस्ती. मग व्यंकटराव, तोंड वाकडं करून, पण हात सरळ. शेवटी वसराम नाईकांनी काठी उचलली. हात वर होत नाही त्यांचा, म्हणून काठी. बायकांतली एकच मान खाली गेली आणि जिवनबाई पदर सावरून सभेतून उठून गेली.

नंतर प्रेमदासनं सांगितलं की ती अकरा दिवस बोलली नाही. भाकर टाकायची, ताट ठेवायची, पण शब्द नाही. तिचं म्हणणं असणार की ठरावावरचा रस्ता आणि पायाखालचा रस्ता यांत आमच्याकडं एक जन्म जातो. तिचं चुकत नव्हतं. म्हणून कमलबाईंचेही आभार मानायला हवेत. त्या ठरावाची नक्कल पिशवीत घालून हिंगोलीच्या चकरा मारत राहिल्या. चौदा चकरा झाल्या. एका साहेबानं विचारलं की बाई, इमारत मंजूर असून तुम्ही रस्त्यासाठी इमारत अडवता? त्या म्हणाल्या, आमी न्हाई अडवली, ठरावानं अडवली, आणि ठरावावर तिन्ही ठिकाणच्या सह्या हायत. मार्चअखेर प्रेमदास निवृत्त झाला. तिन्हीकडून त्याला फेटे बांधायला माणसं आली आणि कोणाचा फेटा वर, यावरून परत थोडं झालंच. पावसाळ्याच्या तोंडावर मुरूम आणि खडी पडली. त्या आषाढात तांड्यातून रुग्णवाहिका दोनदा घरापासून थेट निघाली. दसऱ्यानंतर डांबर झालं आणि मग पुलापाशी पाया खांदला.

यंदा उन्हाळ्याआधी ऑफिस उघडलं. दोन खोल्या, एक व्हरांडा, व्हरांड्यात सिमेंटचा बाक. नारळ फुटला, भाषणं झाली. मी बोलायला उठलो तर सपनानं सदरा धरून खाली बसवलं, कारण मी तुघलकापासून सुरुवात करणार होतो. पाहुणे गेल्यावर कॉम्प्युटर चालवणाऱ्या मुलीनं यंत्र सुरू केलं. प्रेमदास बाहेर बाकावर बसला होता, खाकी शर्ट नव्हता, साधा पांढरा सदरा, पण गळ्याचं बटण लावलेलं. आता काम नव्हतं तरी हात मोकळे कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

दिवस कलला तशा पुलाकडून बायका येऊ लागल्या. सगळ्यांत पुढं जिवनबाई, डोक्यावर दळणाचा डबा, पायाखाली नवं डांबर. डबा भीमराजकडं नंबरात लावला, पदरानं हात पुसला आणि ऑफिसात शिरली. तिनं अर्ज आणला होता, दिपाकडून लिहून घेतलेला. घराच्या नोंदीत नवऱ्याच्या नावाशेजारी आपलं नाव लावायचं. त्या मुलीनं सांगितलं की घरमालकाची संमती लागेल, ते आले आहेत का?

जिवनबाईनं दारातून बाहेर बघितलं. प्रेमदास उठून आत आला आणि सही केली. मुलीनं नाव विचारलं तेव्हा जिवनबाईनं ते इतकं स्पष्ट सांगितलं की व्हरांड्यात मला ऐकू आलं, माहेरच्या नावापासून. नव्या ऑफिसातला तो पहिला अर्ज. मी तिथं होतो. माझ्या वयाच्या माणसाला याहून जास्त काय बघायचं असतं, मला सांगा.

बाहेर येऊन ती बाकापाशी थांबली. रस्त्याकडं बघितलं, मग ऑफिसकडं, मग त्याच्याकडं.

"रस्ता बरा झाला," ती म्हणाली. "ऑफिस जरा लांबच ठिवलं तुमी."

प्रेमदास बाकाच्या कडेला सरकला. "दळण होईस्तोर बस मंग."

ती बसली.